सतरा-चारला सिक्स-थर्टी

लोहचुंबक चिकटलं.

•

हैबतीच्या पिठाच्या गिरणीत, फोनच्या वर, खडूने लिहिलेलं होतं : फोन आला तरी दळण थांबणार नाय.

•

चौदा एप्रिलच्या जयंतीचा मांडव सोळा तारखेलाही बौद्धवाडीत उभाच होता. मांडववाला पोलादपूरला दुसरा मांडव घालायला गेला होता, आणि तिकडचं जेवण चांगलं होतं म्हणे.

•

दासगावचा सोमा, तालुका कचेरीतला कारकून, दोन वर्षं एका तारखेची वाट बघत होता. कुठलीही तारीख चालली असती.

•

ठमाबाईची डाळ जन्मात एकदाही करपली नाही.

•

मराठीत दिवा लावतात, कुलूप लावतात, भात लावतात, वेल्डिंगचा रॉडही लावतात. आणखीही एक गोष्ट लावतात, ती पुढे येईलच.

६०१३

चिकटलं म्हणजे कसं चिकटलं! श्रीपतने शाफ्टजवळ नुसता हात नेला, तर बोटांतून निसटून लोहचुंबक टक्‌कन शाफ्टवर जाऊन बसलं.

"सयाजीराव," श्रीपत म्हणाला, "हे स्टेनलेस नाय."

"असं कसं? कंपनीच्या कागदावर स्टेनलेस हाय."

"कागदाला लोहचुंबक लावून बघितलं काय?"

महाडच्या बाजारात लोहचुंबक लावल्याशिवाय कोणी स्टेनलेसची वाटीसुद्धा घेत नसे. चिकटलं तर भांडं खोटं, दुकानदार खोटा आणि त्याच्या मालाचं कौतुक करणारी शेजारीणही खोटी. इथे तर चांगला दीड हात लांब शाफ्ट होता. चकचकीत. गंजाचा टिपका नाही. आणि लोहचुंबक त्याला गोचिडासारखं धरून बसलेलं.

साल शहाऐंशी. महाडची औद्योगिक वसाहत तेव्हा नुकती कुठे उभी राहत होती. पोलादपूरचा सयाजी तिथल्या रंगाच्या कंपनीत फोरमन होता. कंपनीच्या मोठ्या पंपाचा शाफ्ट बेअरिंगच्या जागी झिजला होता. नवा यायचा तर बोटीने, तीन महिन्यांनी. मोठे साहेब म्हणाले होते, "उद्या संध्याकाळपर्यंत पंप चालू झाला तर दुरुस्तीचं सगळं काम कायमचं तुमच्या त्या श्रीपतला. नाही झाला, तर ठाण्याचा ठेकेदार बोलावतो."

श्रीपत बारा वर्षं मुंबईच्या गोदीत वेल्डिंग करून गावी परत आला होता. हायवेच्या कडेला पत्र्याची शेड, एक मशीन, एक ग्राइंडर, आणि दारावर स्वतःच रंगवलेली पाटी. ठाण्याचा ठेकेदार आला की शेडला कुलूप, आणि श्रीपत पुन्हा गोदीत. शिवाय घरात त्याने शब्द देऊन ठेवला होता. त्याची मुलगी कमळ जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. दासगावच्या सोमाशी तिचं ठरलेलं. पण श्रीपतचं एकच पालुपद : "कंपनीचं काम कायम होऊ दे, मग तारीख काढू." हे पालुपद आता दोन वर्षांचं झालं होतं. रांगायचं थांबून चालायला लागलं होतं.

म्हणजे त्या दीड हात शाफ्टवर शेड, गाव आणि मुलीचं लग्न, असं सगळं एका रांगेत उभं होतं.

सयाजीने सोबत अशाच एका जुन्या, मोडीत गेलेल्या शाफ्टचा बोटभर तुकडा आणला होता. "आधी ह्यावर करून बघा," तो म्हणाला.

लोहचुंबक चिकटतंय म्हणजे लोखंडच असणार, असा सरळ हिशेब करून श्रीपतने ६०१३ नंबरचा साधा रॉड काढला. शेतकऱ्यांचे नांगर, शाळेची घंटा, एसटीच्या पायऱ्या, सगळं महाड ६०१३ने जोडलेलं होतं. रॉड छान लागला. श्रीपतने तोंडावरची ढाल वर केली आणि म्हणाला, "बघा. उगाच—"

टिच्.

तुकड्यावरच्या टाक्याला मधोमध तडा गेला होता. केसाएवढा. पण सयाजीला तो पोलादपूरहून दिसला असता.

३०८

"मग स्टेनलेसच हाय," श्रीपत म्हणाला, आणि स्टेनलेसचा ३०८ काढला.

ह्यावेळी तडा गेला नाही. दोघं कान देऊन बसले. दहा मिनिटं गेली. वाहनं गेली. टिच् झालं नाही.

"झालं!" सयाजीने टाळी वाजवली.

श्रीपतने कानस घेतली. आधी शाफ्टच्या मूळ धातूवर फिरवली. कानस नुसती घसरली. मग आपल्या टाक्यावर फिरवली. गुळात सुरी जावी तशी कानस आत गेली.

"हे आठ दिवस पण टिकणार नाय. मऊ हाय. बेअरिंग हे पीठ करून टाकेल."

एवढ्यात सकाळची शाळा सुटून कमळ बापाची भाकरी घेऊन आली, आणि तिच्या मागोमाग कंपनीच्या गाडीतून केमिस्ट साहेब उतरले. साहेब पुण्याचे, तरुण, आणि कुठलीही गोष्ट त्यांना आधीच माहीत असायची.

कमळने भाकरीचं फडकं खाली ठेवलं आणि शाफ्ट हातात घेतला. श्रीपत आकडे ओळखायचा, पण इंग्रजी अक्षरं दिसली की चष्मा शोधायचा. चष्मा त्याच्याकडे नव्हता. म्हणून रॉडच्या डब्यांवर कुठला नंबर, कुठला रॉड, हे सगळं कमळनेच तिच्या वळणदार अक्षरात लिहून ठेवलेलं होतं.

"बाबा, इथे टोकाला कोरलंय. सतरा, रेघ, चार. मग पी, एच."

"पीएच?" केमिस्ट साहेब पुढे झाले. "सतरा? शक्यच नाही! पीएच चौदाच्या वर जातच नाही. आणि सतराही आणि चारही, हे कसं होईल? एकाच वेळी अल्कली आणि आम्ल?"

"साहेब, शाफ्ट हाय तो," सयाजी म्हणाला. "तुमची बाटली नाय."

"कोणीतरी चुकीचं कोरलंय."

"कंपनी परदेशी हाय, साहेब."

"मग चुकीचं परदेशात कोरलंय!"

कमळने तोवर वहीचं पान फाडून चिठ्ठी लिहिली : सतरा-चार पीएच. लोहचुंबक चिकटतं. ६०१३ तडकतो. ३०८ मऊ. कोणता रॉड? "गणूमामाला फोन लावा," ती म्हणाली. "त्याच्या गोदीत सगळ्या देशांच्या बोटी येतात. कोणीतरी सांगेल."

गणू म्हणजे श्रीपतचा मेहुणा, गोदीत अजून वेल्डिंग करणारा. फोन हैबतीच्या गिरणीत. नशिबाने लाईट गेली होती, गिरणी बंद होती, त्यामुळे श्रीपतला चिठ्ठी अक्षरन्‌अक्षर वाचून दाखवता आली.

"भावोजी, साहेबाला विचारून उलटा फोन करतो," गणू म्हणाला.

श्रीपत तिथेच थांबला असता. पण लाईट आली. लाईट आली म्हणजे ग्राइंडर चालणार, आणि झिजलेली जागा साफ करायला तासभर तरी हवा. लाईटला काय, ती महाडची पाहुणी; कधी उठून जाईल सांगता येत नाही. श्रीपत शेडकडे पळाला. जाताना हैबतीला ओरडून म्हणाला, "गणूचा फोन आला तर काय सांगतो ते लिहून ठेव! एक शब्द खाऊ नको!"

"मी पीठ पण खात नाय, शब्द काय खातो!" हैबती म्हणाला, आणि त्याने गिरणीचा खटका दाबला.

६३०

दुपारी तीनला फोन आला.

गणू जे बोलला ते असं :

"हैबतीदादा, भावोजींना सांगा, सतरा-चारला सिक्स-थर्टीच लावा. मॅचिंग रॉड पायजे. दुसरा कुठला लावला तर एक तर तडा जाईल, नायतर मऊ पडेल. लावून झाल्यावर सहाशे वीस डिग्रीवर चार तास एकसारखी आच द्या. जोड एकजीव होईल. मी पाकीट रातच्या गाडीनं कंडक्टरकडे धाडतो."

गिरणीने त्यातलं जे पलीकडे जाऊ दिलं ते असं :

"...सतरा-चारला सिक्स-थर्टीच लावा. मॅचिंग... पायजे. दुसरा कुठला... तर तडा जाईल... सहाशे वीस... चार तास... आच. जोड एकजीव होईल. पाकीट... गाडीनं धाडतो."

हैबतीने शब्द खाल्ला नाही. जेवढं आलं तेवढं खडूने भिंतीवर लिहिलं आणि मोठ्याने वाचलं. आणि वाचता वाचता त्याच्या पिठाने पांढऱ्या झालेल्या मिशीतून हसू फुटलं.

सतरा-चार म्हणजे सतरा एप्रिल. म्हणजे उद्या. सिक्स-थर्टी म्हणजे संध्याकाळचे साडेसहा. सहाशे वीस माणूस. चार तास आच. जोड एकजीव. आणि 'लावा'! भर एप्रिलमध्ये, तारीख आणि वेळ देऊन, मुलीच्या सख्ख्या मामाने मुंबईहून फोन करून 'लावा' म्हटलं, तर काय लावायचं असतं? तेही मॅचिंग? दुसरा कुठला बघाल तर तडा जाईल, अशा दमासकट?

"आयला! कमळचं लग्न!"

त्याला दुहेरी आनंद झाला. हैबती पंचांग बघून गिरणीचा पट्टा बदलणारा माणूस. श्रीपत त्याचा जुना दोस्त, पण त्याची ह्यावरून रोज थट्टा करायचा. "लग्नाला माणसं लागतात रे, मुहूर्त नाय," हे श्रीपतचं वाक्य अख्ख्या महाडला पाठ होतं. आणि आता त्याच्याच मेहुण्याने मुहूर्त काढला होता. नुसता सिक्स-थर्टी नाही. सिक्स-थर्टी'च'!

हैबती तसाच पिठाच्या अंगाने शेडवर धावला. श्रीपत शाफ्टवर ग्राइंडर धरून बसला होता. ठिणग्या उडत होत्या.

"श्रीपा! गणूचा फोन आला!"

श्रीपतने ग्राइंडर फेकलाच. "काय म्हणाला?"

"सतरा-चारला सिक्स-थर्टीच लावा!"

"सिक्स-थर्टी!" श्रीपतने कपाळावर हात मारला. ६३०! गोदीत एकदा एका बोटीच्या कामाला वापरलेला. कसा आठवला नाही! "अरे वा रे गणू! सिक्स-थर्टीच! बरोबर हाय!"

हैबती बघतच राहिला. "तुला चालेल?"

"चालेल? दुसरं काय चालणारच नाय!"

"मॅचिंग पायजे म्हणाला."

"मॅचिंगच पायजे! तेच तर इतका वेळ जुळत नव्हतं."

"दुसरा कुठला बघितला तर तडा जाईल म्हणाला."

"गेलाय ना! सकाळीच गेला, माझ्या डोळ्यादेखत."

सकाळी दुसरं कुठलं स्थळ येऊन गेलं, हे हैबतीला माहीत नव्हतं. पण त्याने खोलात जायचं टाळलं. "आणि सहाशे वीस म्हणाला."

"सहाशे वीस? एवढं?"

"मला पण जास्तच वाटलं. दोनशेत भागलं असतं."

"नाय नाय. गणू उगाच नाय बोलणार. सहाशे वीस तर सहाशे वीस. पण हैबती, एवढी आच करायची कुठं? माझ्याकडे तर नुसता स्टोव्ह हाय."

"चार तास एकसारखी आच म्हणाला. ते माझ्यावर सोड. जयंतीचा मांडव उभा हाय, जेवणाचा चर खणलेला हाय, ठमाबाईला सांगतो. तिच्यासारखी आच महाडात कोण ठेवील?"

श्रीपतचे डोळे भरून आले. मित्र असावा तर असा. आचेचं नाव काढायचा अवकाश, ह्याने चरसुद्धा शोधून ठेवला! "हैबती, तुझे उपकार हायत. किती वाजता पेटवेल ती?"

"अकराला पेटवू. तीनला सगळं तयार."

"झकास!"

"मग मी घरी सांगू वहिनींना?"

"सांग की. आनंदाची गोष्ट हाय. सगळ्यांना सांग!"

हैबतीने सगळ्यांना सांगितलं.

•

चंपाबाई, श्रीपतची बायको, आधी भडकली. "गणूनं ठरवलं? मला न विचारता? आणि ह्यांनी हो म्हटलं?"

"नाचायचा बाकी होता, वहिनी."

"दोन वर्षं तारीख मागतेय मी, तेव्हा कंपनी आडवी. आणि आज एका फोनवर?" मग ती कमळकडे वळली. "तुला चालेल काय गो?"

कमळ दळणाचा डबा कोनाड्यात ठेवत होती. खाली बघून म्हणाली, "मामा एवढं म्हणतोय तर..."

चंपाबाईने पाचची गाडी पकडली आणि बहिणीला, जानकीबाईला, आणायला पोलादपूरला गेली. वाडीतल्या बायांनी घराघरातून तांदूळ आणि डाळ गोळा केली. मांडवाला नव्या पताका लागल्या. दासगावला निरोप कोणी नेला हे मात्र कधीच नीट कळलं नाही. हैबती म्हणे चंपाबाईने धाडला; चंपाबाई म्हणे हैबतीने.

श्रीपत त्या दिवशी घरी गेलाच नाही. शाफ्टची जागा घासून, पुसून, पुन्हा घासून तिथेच शेडमध्ये आडवा झाला. सगळं महाड त्याच्या मुलीच्या लग्नाच्या गडबडीत होतं, आणि तो एकटा शाफ्टच्या उशाला झोपला होता.

सकाळी सहाच्या गाडीने पाकीट आलं. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं. श्रीपतने ते छातीशी धरून घरी आणलं.

"कमळ, रॉड दमट नकोत. जरा तव्यावर शेकून दे."

कमळने रॉड भाकरीसारखे परतून परतून शेकले. तिने अंगावर नवी पांढरी साडी घेतली होती.

"शाळेत नाय गेलीस?"

"आज रजा काढलीय."

"कशाला गो?"

"घरात काम हाय, बाबा," कमळ म्हणाली आणि गरम रॉड फडक्यात बांधून त्याच्या हातात दिले. "सावकाश लावा. करंट कमी ठेवा."

सहाशे वीस

रॉड लागला! अहाहा, काय लागला! श्रीपत नंतर सांगायचा की त्या दिवशी रॉड आपणच बोलत होता, हाताला फक्त ऐकायचं काम होतं. टाक्यावर टाका, टाक्यावर टाका, माशाच्या खवल्यांसारखे. साडेदहाला काम झालं. टिच् झालं नाही. सयाजीने श्वास सोडला. तो त्याने आठ वाजल्यापासून धरला होता.

शाफ्ट लोखंडी पाइपात घालून, भोवती वाळू भरून, दोघांनी खांद्यावर घेतला आणि बौद्धवाडीकडे निघाले. केमिस्ट साहेब मागून कंपनीचा उष्णता मोजायचा काटा घेऊन आले. लांब तार आणि तिच्या टोकाला घड्याळासारखी तबकडी. अजून त्यांना पीएच पटलेला नव्हता, पण काटा वाचायचा मान ते कोणाला देणार नव्हते.

चरावर तीन भल्यामोठ्या डेगी चढल्या होत्या. ठमाबाई पदर खोचून उभी होती.

"एवढ्या डेगी कशाला?" श्रीपतने विचारलं.

"सहाशे वीससाठी," ठमाबाई म्हणाली.

श्रीपतला वाटलं, ओझं ठेवलं की आच दबून राहत असेल. हैबतीने किती विचार केलाय! त्याने पाइप निखाऱ्यात सारला. काटा चढायला लागला. चारशे. पाचशे. सहाशे.

"बाई, सहाशे वीसवर थांबलं पाहिजे," केमिस्ट साहेब म्हणाले. "वर नाही, खाली नाही. चार तास. हे फार अवघड आहे. प्रयोगशाळेतसुद्धा—"

"सरा बाजूला," ठमाबाई म्हणाली. तिने तबकडीकडे बघितलंही नाही. डाळीची उकळी बघितली. एक ओंडका मागे ओढला, दोन मूठ कोळसे पुढे सारले. काटा सहाशे वीसवर येऊन बसला आणि बसूनच राहिला. साहेबांनी तबकडीवर टिचकी मारली. काटा बिघडला असावा असा त्यांचा पहिला तर्क होता.

एक वाजता चंपाबाई पोलादपूरहून आली. मागे जानकीबाई, जानकीबाईची सगळी पोरंबाळं आणि एक डफवाला.

"अवो!" चंपाबाई चरापाशीच थबकली. "अजून ह्याच कपड्यांत? तोंडाला काजळी, सदऱ्याला भोकं! पोरीच्या लग्नात असं उभं राहणार?"

"कुठल्या पोरीच्या?"

"शेजारच्या! आपल्या कमळच्या, दुसऱ्या कुठल्या? साडेसहाला लग्न, दासगावची मंडळी निघाली पण असतील, आणि तुम्ही चरात पाइप घालून बसलाय!"

श्रीपतने चंपाबाईकडे बघितलं. मग मांडवाकडे. पताकांकडे. डेगींकडे. मग हळूच हैबतीकडे, जो तांदळाचं पोतं खांद्यावर घेऊन येत होता आणि लांबूनच ओरडत होता, "सिक्स-थर्टीच हां, श्रीपा! मुहूर्त चुकवायचा नाय!"

आणि त्याला सगळं कळलं. सतरा-चार. सिक्स-थर्टी. मॅचिंग. सहाशे वीस.

त्याने तोंड उघडलं. आता सांगावं : अरे, लग्न नाय, रॉड हाय तो! नंबर हाय! सगळं बंद करा!

सगळं बंद करा म्हणजे डेगी खाली. डेगी खाली म्हणजे ठमाबाई ओंडके ओढणार. ओंडके ओढले म्हणजे आच गेली. दोनच तास झालेले. अजून दोन बाकी. आच गेली म्हणजे शाफ्ट गेला, शाफ्ट गेला म्हणजे ठाण्याचा ठेकेदार आला.

त्याने तोंड मिटलं.

"काय बोलत का नाय?" चंपाबाई म्हणाली.

"डाळ," श्रीपत म्हणाला. "डाळ चांगली शिजू दे. तीनपर्यंत."

"आणि कपडे?"

"तीनला."

पुढचे दोन तास श्रीपत चराच्या काठावर बसून होता. बाया गाणी म्हणत होत्या, डफ वाजत होता, जानकीबाईने त्याच्या कपाळाला आल्या आल्या हळद लावून टाकली. तो काट्याकडे बघत होता. त्याच्याजवळून जो जाई तो थांबून म्हणे, "बापाचं काळीज! पोरगी सासरी जाणार, बघा कसा विस्तवाकडे टक लावून बसलाय."

तीनला पाइप बाहेर काढला. आता सांगायचं, असं श्रीपतने ठरवलं होतं. पण सयाजी गाडी सुरू करून उभा होता. शाफ्ट निवायला हवा, लेथवर मापात आणायला हवा, बसवायला हवा, आणि हे सगळं दिवस मावळायच्या आत.

"आल्यावर सांगतो!" श्रीपत गाडीत उडी मारत ओरडला.

"काय सांगणार?" चंपाबाईने विचारलं. पण गाडी गेली होती.

सिक्स-थर्टी

कंपनीच्या लेथवर कानस टाक्यावरूनही घसरली. जिथे मूळ धातू संपतो आणि रॉड सुरू होतो ती रेघ खुद्द श्रीपतलाही सापडेना. सहाला दहा कमी असताना पंप सुरू झाला. आधी गुरगुरला, मग गायला. मोठे साहेब कान लावून उभे राहिले. मग म्हणाले, "उद्यापासून रोज या."

श्रीपतला ओरडावंसं वाटलं, रडावंसं वाटलं, पंपाला मिठी मारावीशी वाटली. मग त्याला आठवलं, आपल्याला एका लग्नाला जायचंय. थांबवायला.

मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. दासगावची मंडळी पुढे बसली होती. सोमा पांढऱ्या सदऱ्यात, सरळ ताठ. सदरा नवा होता, आणि इतका मापात की एका दिवसात शिवला म्हणायला शिंपी जादूगार हवा. फुलांचे हार तयार होते. लग्न लावणारे बौद्धाचार्य मेणबत्त्या सरळ करत होते. भोंग्यावर हैबती स्वतः : "सिक्स पंचवीस झाले! पाच मिनिटं राहिली! कोणी उठायचं नाय!"

श्रीपतने कमळला मांडवाच्या कनातीमागे गाठलं.

"पोरी, घोटाळा झालाय. गणूनं लग्न काढलंच नव्हतं. सिक्स-थर्टी हा रॉडचा नंबर हाय. सतरा-चार हे शाफ्टचं पोलाद. आणि सहाशे वीस... ते जाऊ दे. हैबतीनं ऐकलं भलतंच."

कमळने ऐकून घेतलं. मग विचारलं, "जोड कसा बसला, बाबा?"

"एकजीव."

"तडा?"

"नाय."

"काम कायम झालं?"

"उद्यापासून रोज."

"मग तारीख कधी काढणार होता?"

मांडवातून सहाशे वीस माणसांच्या बोलण्याचा आवाज येत होता. मोजली कोणी नव्हती, पण डेगी पुरल्या. "अगो, पण असं कसं? उद्याचं, परवाचं काहीतरी—"

"तुम्हीच म्हणता ना, लग्नाला माणसं लागतात, मुहूर्त नाय. माणसं आलीत."

आयुष्यभर दुसऱ्यांना ऐकवलेलं वाक्य आज आपल्याच कानावर आलं होतं. श्रीपतने काजळीचा हात सदऱ्याला पुसला. त्याने सदरा अधिकच काळा झाला. मग तोच हात त्याने कमळच्या डोक्यावर ठेवला, आणि जानकीबाई मागून किंचाळली, "अवो भावोजी, फुलं काळी झाली!"

त्रिशरण झालं, पंचशील झालं. हार घातले. तेवढ्यात सयाजी धापा टाकत आला, हैबतीच्या हातातला भोंगा हिसकावला आणि अख्ख्या बौद्धवाडीला ओरडून सांगितलं, "मोठे साहेब म्हणतायत, सतरा-चारला सिक्स-थर्टी एकदम बरोबर लागला! कुठं तडा नाय!"

मांडवाने टाळ्यांचा कडकडाट केला. टाळ्या सर्वांत जोरात हैबतीने वाजवल्या. त्याचा मुहूर्त होता.

दुसऱ्या दिवशी गणूचा फोन आला. गिरणी चालू होती, पण श्रीपतने ह्यावेळी खटका आधी पाडला आणि मग रिसीव्हर उचलला.

"भावोजी, लागला काय?"

"लागला. लग्न पण लागलं."

"कुणाचं?"

"कमळचं. तू ठरवलंस म्हणून."

गणू हळूच म्हणाला, "भावोजी, मी फक्त रॉड सांगितला होता."

"ठाऊक हाय," श्रीपत म्हणाला. भिंतीवर खडूने लिहिलेलं अजून तसंच होतं. "हैबतीला ऐकू आलं नाय. आणि त्याच्याशिवाय इथं होतंच कोण तुझं ऐकायला!"

सोळा तारखेला दुपारी तीनला फोन वाजला, तेव्हा दळणाच्या रांगेतला पहिला डबा कमळचा होता, आणि डब्यापाशी सतरा-चारची चिठ्ठी लिहिणारी कमळ स्वतः उभी होती.